मंदारच्या डोक्यातले जॉब

दूध आटवलं की पातेल्याच्या बुडाला खरवड धरते. ती कुणी मुद्दाम करत नाही. दूध वाटून संपतं, खरवड मागं राहते. ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच आहे. काम करणारे काम करून घरी जातात आणि माझ्या स्वयंपाकघरात काहीतरी चिकटून राहतं. भांडी घासायला घेतली की वर येतं. मी बोलायला सावकाश आहे, तेव्हा घाई करू नका. चहा घ्या.

अलिबागच्या बाहेर नारळाच्या वाडीत एक बंगला आहे. पूर्वी तिथं मुंबईची माणसं शनिवार-रविवार राहायला यायची आणि मी त्यांना जेवायला घालायचो. मग मालकांनी तो बंगला एका सॉफ्टवेअर कंपनीला भाड्यानं दिला. पंखे, पलंग, गॅसची शेगडी आणि मी, सगळं जसंच्या तसं त्यांच्याकडं गेलं! कंपनीच्या मॅडमनी विचारलं, "दामूकाका, तुम्ही राहणार ना?"

मी म्हटलं, "शेगडी ऱ्हात असंल तर मी बी ऱ्हातो."

माझी शाळा सातवीपर्यंत. कॉम्प्युटर मी फक्त पुसतो, तोही बंद असताना. पण माणसांना रोज जेवायला वाढलं की त्यांचं कशावरून बिनसतं ते कळतं. या ऑफिसात बिनसायचं ते जॉबवरून. मुलं दिवसभर जे लिहितात ते वरच्या खोलीतलं एक मशीन उचलतं, जोडतं, तपासतं आणि गिऱ्हाइकाला पाठवण्याजोगं करतं. अशा एकेका कामाला ते जॉब म्हणतात. नीट झालं तर पडद्यावर हिरवा ठिपका, बिघडलं तर लाल. लाल झालं की सगळ्यांची तोंडं उतरतात आणि माझी भाजी उरते.

*

हे सगळे जॉब मंदारनं बसवलेले. मंदार थळचा, कोळ्याचा मुलगा. ऑफिसात मॅडमनंतर तोच जुना. पडद्यावर या चौकोनात खूण कर, त्या रकान्यात आकडा घाल, असं करत करत त्यानं एकेक जॉब हातानं उभा केला होता. कुठली खूण कशासाठी, ते फक्त त्याला ठाऊक. दुसऱ्या कुणी चुकून एखादी खूण काढली की मशीन अडून बसायचं आणि घरभर एकच हाक, "मंदार!"

पुण्याहून त्याला सारखी बोलावणी यायची. मोठी कंपनी, मोठं ऑफिस. तो जायचा नाही. मला म्हणायचा, "काका, मी गेलो तर ह्ये समदं कोन बघनार?" थांबायचं त्याचं कारण एवढंच. ते ऐकलं की मी त्याला माशाची आणखी एक तुकडी वाढायचो. माझ्या हाताशी तेवढंच होतं.

एका रविवारी गिऱ्हाइकाला माल द्यायचा होता आणि जॉब लाल झाला. मंदार वडिलांबरोबर होडीत, पार आत समुद्रात. फोनला रेंज नाही. सगळं ऑफिस थळच्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहिलं! मॅडमच्या उंच टाचा वाळूत रुतलेल्या. आमच्याकडचा इरफान, तो दिघीचा, झालेलं काम तपासायचं हे त्याचं काम. तो लॅपटॉप उघडा धरून पाण्याकडं बघत होता. मी सोबत गेलो होतो, कारण मासळी तरी बघून घेता येईल.

होडी लागली. मंदार टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला, समोर सगळे उभे. त्यानं आधी मॅडमकडं पाहिलं, मग लॅपटॉपकडं.

"मॅडम, पापलेट पायजे का जॉब?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही!"

*

मग ऋतुजा आली. माणगावची. वडील शाळामास्तर, घरी भातशेती. अंगानं काडीसारखी, पण प्रश्न विचारायला लागली की समोरच्यानं खुर्चीच धरावी.

पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणाला तिनं मंदारला विचारलं, "सर, आपले सगळे जॉब कसे सेट केलेत ते कुठं लिहून ठेवलंय?"

मंदारनं ऐटीत कपाळावर बोट ठेवलं. "इथं."

ऋतुजानं वरणभात कालवता कालवता विचारलं, "आणि बॅकअप?"

इरफानला ठसका लागला. त्याच्या पाठीवर थापट्या मारताना मला वाटलं, पोरगी चुरचुरीत आहे. मग मंदारचं तोंड पाहिलं आणि तिच्या पानात ताक वाढायचं मी मुद्दाम विसरलो.

*

आठवड्याभरात तिनं काम सुरू केलं. मंदारचा एकेक जॉब ती पडद्यावर उघडायची, बघायची आणि एका फाइलीत लिहून काढायची. मॅडम खूश. मंदार गप्प. मी तिला खोदून विचारलं, "बाय, मंदारनं केलंय ते चालतंय ना? मग लिवायचं कशाला?"

ती माझ्याजवळ पाटावर बसली आणि समजावायला लागली. "काका, आधी हे दाब, मग ते दाब, असं मी मशीनला सांगत नाही. शेवटी काय असलं पाहिजे तेवढंच लिहिते. इतके जॉब असावेत, असे असावेत. मशीन ती फाइल सारखी बघतं. एखादा जॉब नसेल तर बनवतं. वाकडा झाला असेल तर सरळ करतं. कसं करायचं ते त्याचं त्यानं बघायचं."

मी जरा विचार केला. "म्हंजी सासूसारखं?"

"सासू?"

"माझी आई सुनंला कवा ह्ये कर, त्ये कर म्हनायची न्हाय. नुसतं म्हनायची, 'पावनं यायच्या आत घर कसं दिसलं पायजे, तुला म्हायती हाय.' आन मग दारात बसून ऱ्हायची."

ऋतुजा इतकी हसली की पाटावरून पडायची बाकी होती. त्या दिवसापासून फाइलीचं नाव सासूबाई पडलं. मीटिंगमध्ये मॅडमसुद्धा म्हणायला लागल्या, "सासूबाईंना विचारलं का?"

नाव मी ठेवलं, पण मला ते गोड लागत नव्हतं. फाइलीत एकेक जॉब जात होता तसतसं मंदारचं इथं राहायचं कारण बारीक होत होतं. ते मला दिसत होतं. मला त्या फाइलीचा मत्सर वाटायला लागला. माणसाचा मत्सर समजू शकतो. फाइलीचा करून काय उपयोग? ती जेवत नाही, म्हणजे तिच्या पानात मीठ जास्त घालायचीही सोय नाही!

*

मंदारचा मत्सर माझ्याहून मोठा. त्यानं ठरवलं, आपण आपल्या हातानंच करायचं. एक दिवस एका जॉबला वेळ कमी पडत होता, मध्येच तुटत होता. फाइलीला न विचारता मंदारनं पडद्यावर जाऊन मुदत वाढवली. जॉब हिरवा. शीळ घालत खाली आला आणि म्हणाला, "काका, च्या टाका. सासूबाईस्नी जे जमलं न्हाय त्ये जावयानं केलं."

दुपारी बघतो तर मुदत परत होती तेवढीच. जॉब लाल.

त्यानं पुन्हा वाढवली. संध्याकाळी पुन्हा जैसे थे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर धुमसायला लागला. "काका, ती माझ्या मागं मागं फिरून समदं पुसतीय! मी केलेलं तिला बघवत न्हाय. आता सरळ तिला विचारतो."

मी म्हटलं, "विचार. माझा सपोर्ट हाय."

तो तरातरा वर गेला, मी चहाचा ट्रे घेऊन मागं. ऋतुजाची खुर्ची रिकामी. मंदारनं इरफानला दरडावलं, "कुठं गेली ती?"

इरफान मान वर न करता म्हणाला, "कालपासून माणगावला आहे, भावाचा साखरपुडा. मंदारभाऊ, सून माहेरी गेली म्हणून सासू झोपते का?"

फाइलीत मुदत जुनीच लिहिलेली होती. मशीन बिचारं फाइलीप्रमाणं सरळ करत होतं. मंदारला ते माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस जळत असला की माहीत असलेलंही त्याला दिसत नाही. मी ट्रे ठेवला आणि खाली आलो. माझा सपोर्ट मी बरोबर घेऊन आलो.

*

माझ्या जळण्याचं आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला बोललो नव्हतो. पूर्वी जॉब एकामागून एक चालायचे. एक सुरू झाला की मुलांना काम नसायचं, मग ती खाली यायची. कुणी लसूण सोलायचं, कुणी घरचं बोलायचं. मंदार तर खिडकीजवळच्या स्टुलावर बसून आईचं दुखणं, होडीचं इंजिन, सगळं सांगायचा. ऋतुजानं फाइल अशी लिहिली की जॉब एकाच वेळी चालायला लागले. थांबायला वेळच राहिला नाही. स्वयंपाकघर सुनं झालं. लसूण मीच सोलायचो.

शेवटी न राहवून मी तिला म्हटलं, "बाय, तुज्या त्या सासूबाईस्नी जरा हळू काम करायला सांग ना."

तिला आधी कळलं नाही. कळलं तशी ती दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप घेऊन खालीच बसायला लागली. खिडकीजवळच्या स्टुलावर. एका हातानं टाइप करायची, दुसऱ्या हातानं लसूण. लसणाची सालं त्या लॅपटॉपच्या बटणांत अजून सापडतात. मी तिला घावनं घालायला लागलो. काय करणार, समोर बसलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं?

चौथ्या-पाचव्या दिवशी मंदार दारात येऊन उभा राहिला. स्टुलाकडं बघितलं, तिच्या ताटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जॉब घेतले, मी काय बोललो न्हाय. स्टूल घेतलं, तरी बोललो न्हाय. पन काका, घावनं बी?"

*

आता ऋतुजाचं सांगतो. तुम्हाला वाटेल जिंकणाऱ्याला कसला मत्सर? पण तीही आतून जळतच होती. सगळं फाइलीत लिहिलेलं, कुणीही उघडून बघावं, तरी लाल झालं की घरभर हाक एकच, "मंदार!" मॅडमही तीच हाक मारायच्या. एकदा ती मला म्हणाली, "काका, सगळं मी लिहिलं आणि नाव त्यांचं घेतात."

त्या रागात तिनं एक काम केलं. फाइलीला तिनं आणखी एक अधिकार दिला. जे फाइलीत नाही ते पडद्यावरही राहायला नको. दिसलं की काढून टाक. जुना केरकचरा जाईल, हा हिशेब. सगळे जॉब फाइलीत आले आहेत अशी तिची खात्री होती.

सगळे आले नव्हते. कंपनीच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा एक जॉब होता, मंदारनं अगदी सुरुवातीला बसवलेला. तो त्यानं तिला दाखवलाच नव्हता. कोपऱ्यात झाकून ठेवला होता. सासूबाईंनी घर झाडलं आणि तो जॉब केरात गेला.

सकाळी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि बंगल्यात धावपळ उडाली. ऋतुजा खाली येऊन माठाजवळ तोंड लपवून रडायला लागली. मॅडम जिन्यावरूनच ओरडल्या, "मंदार, हा जॉब फाइलीत का नव्हता?"

 उत्तर इरफाननं दिलं, "मॅडम, लाडकं पोर सासूकडं कोण देतं?"

कुणी हसलं नाही. मी दोघांपुढं चहा ठेवला, तो दोघांनीही घेतला नाही. मग मंदारनंच खुर्ची ओढली आणि ऋतुजाला म्हणाला, "रडू नको. चूक माझी बी हाय. लिव."

माझ्या पोळपाटाशेजारी लॅपटॉप ठेवून ती दोघं बसली. मंदार डोळे मिटून एकेक सांगत होता. कोड कुठून घ्यायचा, आधी काय तपासायचं, कुठल्या अडचणीला म्हणून कुठली खूण. ती लिहीत होती. मध्येच ती विचारायची, "हे असं का, सर?" आणि तो डोळे उघडून सांगायचा. मी फोडणी द्यायची थांबवली होती, ठसका नको म्हणून. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी वर हिरवा ठिपका आला. तसं इरफाननं जिन्यावरून ओरडून सांगितलं.

ऋतुजा हसली. मंदार नाही हसला. त्यानं कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "झालं, काका. आता हितं काय ऱ्हायलं न्हाय. समदं तिच्या फाइलीत."

मी म्हटलं, "जेव आधी."

तो म्हणाला, "पुन्याला हो कळवतो."

आणि त्यानं कळवलंही. त्या दिवशी त्यानं एकच चपाती खाल्ली. मी ऋतुजाकडं बघितलं. ती चपातीचा एकच तुकडा कितीतरी वेळ मोडत होती.

*

पुढचा शुक्रवार मंदारचा शेवटचा दिवस ठरला. रविवारी पुण्याला निघायचं. त्याच्या आईनं सुके बोंबील बांधून पाठवले होते, अर्धे त्याला, अर्धे मला. मी ते डब्यात भरले आणि डबा परत उघडून बघितला नाही.

फाइलीत प्रत्येक जॉबपुढं एक ओळ असते, हा जॉब कुणी सांभाळायचा त्याच्या नावाची. लाल झालं तर मशीन त्याच माणसाला निरोप धाडतं. ती ओळ ऋतुजानं सुरुवातीपासून कोरी ठेवली होती. मॅडमनी सांगितलं, "मंदार जायच्या आधी नावं भरून टाका." आणि त्यांच्याकडं अशी रीत आहे की फाइलीत काही बदलायचं असलं तर आपल्याकडच्या प्रतीत बदलायचं, मग मॅडम बघून ते मूळ फाइलीत घेतात.

शुक्रवारी दुपारी मॅडम नावं आत घ्यायला बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी जिन्यातून हाक मारली, "काका, दोघांना घेऊन वर या."

पडद्यावर लाल पट्टे. मॅडमनी मला कळेल असं सांगितलं. मंदारनं सगळ्या जॉबपुढं ऋतुजाचं नाव लिहून पाठवलं होतं. त्याच वेळी ऋतुजानं सगळ्या जॉबपुढं मंदारचं नाव लिहून पाठवलं होतं. तीच ओळ, दोन नावं. मशीन म्हणतं, मी निवडणार नाही, माणसानं निवडावं. ते निवडेपर्यंत फाइलीतला पुढचा एकही बदल आत जाणार नाही.

मंदार ऋतुजाला म्हणाला, "अगं, मी चाललोय! माझं नाव कशाला?"

ती म्हणाली, "जॉब तुमचे आहेत, सर."

"फाइल तुझी हाय."

"फाइल माझी. जॉब तुमचे."

मॅडम म्हणाल्या, "एकानं माघार घ्या आणि मला सांगा. मी निवडणार नाही." असं म्हणून त्या खरंच उठून गेल्या.

इरफान बॅग भरत होता, शनिवार-रविवार तो घरी जातो. म्हणाला, "आमच्या दिघीला जेट्टीवर अशीच दोन म्हातारी माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी होती. बोट खाडीपलीकडं आगरदांड्याला पोचली!"

दोघंही हलली नाहीत. संध्याकाळ झाली, तसं मी बंगला बंद केला. मंदार माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं आणि फाटकापर्यंत सोडायला गेलो. 

सोमवारी सकाळी मी शेगडी पेटवली आणि सवयीनं त्याच्या वाटणीचंही पाणी चहाला टाकलं. टाकल्यावर लक्षात आलं. थोडं ओतून टाकावं म्हणून पातेलं उचललं, तेवढ्यात फाटक वाजलं. मंदार! हातात बॅग नाही, खांद्यावर रोजचा लॅपटॉप, भुवया चढलेल्या.

मी म्हटलं, "अरं, तू पुन्याला गेला न्हायस?"

"कसा जाऊ, काका? ती माझं नाव मागं घ्यायला तयार न्हाय!"

"मग तू तिचं घे की मागं."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबला, वळला, आणि माझ्यावर असा चिडला की विचारू नका.

"मी? मी का घेऊ?"